समजा, कल्पा, फर्ज करा

'मला काही कल्पना नव्हती' म्हणजे ठाऊक नव्हते. 'साहेबांना आधी कल्पना द्या' म्हणजे सूचना द्या. 'कल्पना चांगली आहे, पण पैसा कुठून आणायचा?' या वाक्यात ती युक्ती किंवा बेत असते. 'दुष्काळात त्यांचे काय हाल झाले असतील, कल्पनाही करवत नाही' असे म्हणताना आपण मनाने एक चित्र उभे करू पाहत असतो. आणि 'या कथेतील सर्व पात्रे काल्पनिक आहेत' असे छापले की त्याचा अर्थ होतो, ती खरी नाहीत. माहिती, सूचना, युक्ती, मनश्चित्र आणि असत्य, एवढे सगळे आपण एका शब्दाच्या पोटात कोंबले आहे.

विज्ञानाच्या तासाला यांपैकी शेवटचा अर्थ बाकीच्यांवर मात करतो, अशी माझी तक्रार आहे. 'वस्तुस्थिती' याच्या विरुद्ध शब्द कोणता, असे विद्यार्थ्यांना विचारले तर 'कल्पना' हे उत्तर हमखास येते. कल्पना मराठीच्या तासाला, कवितेसाठी. विज्ञानाच्या तासाला निरीक्षण आणि सिद्धांत, अशी वाटणी पाचवी-सहावीपासूनच पक्की होते. ही वाटणी मूळची नाही. शब्दाचा इतिहास तपासला तर वेगळेच काही दिसते, आणि गंमत म्हणजे त्या इतिहासातल्या काही महत्त्वाच्या जागा आपल्या लातूर-नांदेडच्या आसपासच सापडतात.

प्रथम व्युत्पत्ती पाहू या. 'कॢप्' या धातूपासून हा शब्द आला. पाणिनीय धातुपाठात तो 'कृप्' असा आहे आणि अर्थ दिला आहे सामर्थ्य. नियमाने त्यातल्या 'र'चा 'ल' होतो. जुळणे, योग्य होणे, आणि त्यावरून जुळवणे, रचणे, सिद्ध करणे असा या धातूचा पसारा आहे. म्हणजे हा मुळात स्वप्नाळू माणसाचा शब्द नाही, हाताने काम करणाऱ्याचा आहे. अमरकोशात 'कल्पना' शोधायला गेलो तर ती क्षत्रियवर्गात सापडते. हत्तीला स्वारीसाठी सज्ज करणे म्हणजे कल्पना. तिचा समानार्थी शब्द दिला आहे 'सज्जना'. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या न्हाव्याला 'कल्पक' म्हटले आहे, आणि संस्कृत कोशांत 'कल्पनी' म्हणजे कात्री! आयुर्वेदाच्या महाविद्यालयांत औषधे तयार करण्याच्या विषयाला आजही 'भैषज्यकल्पना' म्हणतात. अडुळशाचा रस काढायचा, चटणी वाटायची की काढा करायचा, या प्रत्येक पद्धतीला तिथे 'कल्पना' हेच नाव आहे. वेदांगांपैकी 'कल्प' हे यज्ञविधीच्या मांडणीचे शास्त्र. दोरी आणि खुंट्यांनी वेदीचे क्षेत्रफळ साधणारी शुल्बसूत्रे, म्हणजे आपल्याकडची सर्वांत जुनी भूमिती, या कल्पसूत्रांचाच भाग आहेत.

मराठीने या कुळातली बरीच भावंडे सांभाळली आहेत. 'क्लृप्ती' हे त्यांतले सर्वांत लाडके. अडलेले काम करून देणारी ती क्लृप्ती. संकल्प, विकल्प, प्रकल्प, कायाकल्प हे सगळे त्याच घरातले. सरकार दरवर्षी मांडते तो अर्थसंकल्पही त्याच घरातला. त्याला काल्पनिक म्हणण्याचा मोह काहींना होतो, ते सोडून देऊ.

इतर भाषांत पाहिले तर फरक लगेच जाणवतो. युरोपीय भाषांतला कल्पनेचा शब्द लॅटिनमधल्या 'इमागो'पासून, म्हणजे प्रतिमेपासून आला. अरबीतला 'तसव्वुर' हा 'सूरत' या शब्दाचा सख्खा भाऊ, आणि आपल्या भिंतीवरची 'तसबीर'ही त्याच धातूची. तिकडे कल्पना म्हणजे मनात उमटलेले चित्र. आपल्याकडे ती जुळवणी आहे. चित्र सुंदर असले की भागते. जुळवणीला मात्र एक प्रश्न विचारावाच लागतो: जुळले का?

हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी कसोशीने विचारला. बौद्ध तार्किक दिङ्नागाने (पाचवे-सहावे शतक) प्रत्यक्ष ज्ञान कशाला म्हणावे याची व्याख्या करताना त्यातून कल्पना वगळली. नाव, जात, गुण चिकटवण्याआधी इंद्रियांना जे मिळते तेवढेच प्रत्यक्ष. चिकटवणे हे मनाचे काम. प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' असे दोन रकाने आखायला लावणाऱ्या शिक्षकाला हे पटावे. मीमांसकांनी उलट्या बाजूने विचार केला. देवदत्त जिवंत आहे हे पक्के माहीत आहे, आणि तो घरात नाही. मग तो बाहेर आहे असे मानल्यावाचून गत्यंतर नाही. दिसणारी गोष्ट एरवी जुळत नाही म्हणून न दिसणारी गोष्ट मानणे, याला त्यांनी अर्थापत्ती हे नाव दिले, आणि शबरस्वामींनी तिची व्याख्या करताना शब्द वापरला तो 'अर्थकल्पना'. शिवाय नियम घातला की दोन कल्पनांनी काम होत असेल तर कमी बोजाची घ्यावी. 'लाघव' हा गुण, 'गौरव' हा दोष.

खगोलशास्त्रात याचे उत्तम उदाहरण आहे. युरेनसची चाल गणिताशी जुळेना, म्हणून ल व्हेरिएने पलीकडे आणखी एक ग्रह आहे असे मानले, आणि सप्टेंबर १८४६ मध्ये सांगितलेल्या जागेजवळच नेपच्यून सापडला. याच ल व्हेरिएने १८५९ मध्ये बुधाची चाल जुळेना म्हणून बुधाच्या आत दुसरा ग्रह मानला, त्याला 'व्हल्कन' हे नावही पडले. तो कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताने तो हिशेब जुळवला. माणूस तोच, पद्धत तीच, तर्काचे कसबही तेच. शिक्षकांनी नेपच्यूनची गोष्ट सांगताना व्हल्कनची गाळू नये, असे मला वाटते.

आता लातूरकडे येऊ. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूर' या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवीत, आणि हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे इतिहासकार सामान्यतः मानतात. नांदेड जिल्ह्यातले कंधार हेही त्यांच्याच वैभवाचे ठिकाण. या घराण्यातला अमोघवर्ष (राज्यकाल ८१४ ते ८७८) याची राजधानी होती मान्यखेट, म्हणजे कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. त्याच्या काळात, ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' लिहिला आणि प्रारंभी या राजाची स्तुती केली. या ग्रंथात ऋण संख्येच्या वर्गमूळाचा प्रश्न त्याने स्पष्ट मांडला आहे. ऋण संख्या ही स्वभावतःच कशाचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असा त्याचा निर्वाळा. धन गुणिले धन म्हणजे धन, ऋण गुणिले ऋण म्हणजेही धन. मग वजा एक कशाचा वर्ग असणार? तीनशे वर्षांनी भास्कराचार्यांनीही बीजगणितात हेच सांगितले.

त्याच भास्कराचार्यांनी समीकरण मांडण्याची रीत सांगताना अज्ञात राशीचे मान 'यावत्तावत्' असे कल्पावे, असे म्हटले आहे. आपण फळ्यावर 'समजा, क्ष = ...' लिहितो ना, तेच हे 'कल्पावे'. संख्या अजून माहीत नाही. पण माहीत असल्यासारखे वागायचे, अटी पाळत पुढे जायचे, शेवटी ती आपोआप सापडते. म्हणजे अज्ञात संख्या कल्पायला आपल्या गणितज्ञांची हरकत नव्हती. हरकत होती ती एकाच संख्येला, जिचे अस्तित्वच नियमात बसत नव्हते.

ही हरकत युरोपात मोडली, तीही अनिच्छेने. १५४५ मध्ये कार्डानोने दहाचे असे दोन भाग मागितले की ज्यांचा गुणाकार चाळीस येईल. उत्तरात वजा पंधराचे वर्गमूळ आले. पाच अधिक ते मूळ, आणि पाच वजा ते मूळ. विद्यार्थ्यांकडून हा गुणाकार जरूर करून घ्यावा. पंचवीस अधिक पंधरा, चाळीस बरोबर येतात. कार्डानोला स्वतःला हे निरुपयोगी वाटले. १५७२ मध्ये बोम्बेलीने अशा संख्यांचे नियम लिहिले. १६३७ मध्ये देकार्तने त्यांना 'काल्पनिक' हे नाव दिले, आणि त्यात कौतुक नव्हते. नाव मात्र चिकटले. पुढे १८३१ मध्ये गाउसने या नावांविषयी नापसंती व्यक्त केली. धन एक, ऋण एक आणि वजा एकचे वर्गमूळ यांना 'सरळ', 'उलटे' आणि 'बाजूचे' एकक म्हटले असते तर या विषयाभोवतीचा अंधार राहिलाच नसता, असे त्याचे म्हणणे होते. संख्यारेषेवर उजवीकडे धन, डावीकडे ऋण. वजा एकने गुणणे म्हणजे अर्धे वर्तुळ फिरणे. मग अर्ध्याचे अर्धे, म्हणजे काटकोनात फिरणे, हेच ते वर्गमूळ! दोनदा काटकोनात फिरले की तोंड उलट दिशेला होते. नववीच्या मुलालाही हे पायांवर उभे राहून समजते.

मराठीने देकार्तचे नाव उचलले आणि 'काल्पनिक संख्या' केली. विश्वकोशाच्या परिभाषेत वास्तव संख्येला 'सत् संख्या' आणि वास्तव व काल्पनिक भाग मिळून होणाऱ्या संख्येला 'सदसत् संख्या' म्हटले गेले. शब्द डौलदार आहे, पण त्याने काम आणखी अवघड केले, असे माझे मत आहे. 'सदसद्विवेक' माहीत असलेल्या मुलाला 'असत्' म्हणजे वाईट किंवा खोटेच वाटणार. आपल्या घरात येणाऱ्या प्रत्यावर्ती विजेचे गणित १८९३ पासून, स्टाइनमेट्झच्या पद्धतीने, या 'असत्' भागाच्या आधारानेच केले जाते. पुंजयामिकीचे श्रोडिंगरचे समीकरण (१९२६) तर त्याच्याशिवाय लिहिताच येत नाही.

नांदेड आणि लातूर यांचा या शब्दाशी दुसरा संबंध अगदी अलीकडचा. १९४८ पूर्वी हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. तिथे वरच्या वर्गांच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारा हा फार मोठा प्रयोग होता. त्यासाठी आदल्याच वर्षी हैदराबादेत 'दारुल तर्जुमा' ही अनुवादसंस्था उभी राहिली, आणि गणित, भौतिकी, रसायन, तर्कशास्त्र यांची पुस्तके उर्दूत आली. या कामातले अग्रणी मौलवी अब्दुल हक बराच काळ औरंगाबादेतून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार पाहत, आणि शास्त्रीय परिभाषा कशी घडवावी यावरचे वहीदुद्दीन सलीम यांचे पुस्तक अंजुमननेच १९२१ मध्ये काढले. निजामी राजवटीबद्दल मराठवाड्याच्या मनात जे आहे ते सकारण आहे. मातृभाषेला डावलून हे शिक्षण दिले गेले, हेही खरेच. परंतु परिभाषेचे काम म्हणून त्याकडे पाहिले तर त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

त्या काळच्या नांदेडच्या विद्यार्थ्याला त्रिकोण 'मुसल्लस' म्हणून, कोन 'जाविया' म्हणून आणि वर्तुळ 'दायरा' म्हणून भेटे. आणि 'समजा'च्या जागी असे 'फर्ज करो'. फर्ज म्हणजे कर्तव्य हे आपण हिंदी चित्रपटांतून शिकलो. अरबीत मात्र ठरवून देणे असा मूळ अर्थ असल्याने, पाळायचे ते कर्तव्यही फर्ज आणि वादापुरते ठरवून घ्यायचे ते गृहीतही फर्ज. त्यावरून गृहीतकाला 'मफरूजा'. तुलनेने मापून काढलेला निष्कर्ष तो 'कयास'. मनात वस्तूची सूरत उभी राहणे हा 'तसव्वुर', आणि तर्कशास्त्रात त्याची जोडी 'तस्दीक'शी, म्हणजे ते खरे आहे असे मान्य करण्याशी. कवीची भरारी तो 'तखय्युल'. आधार नसलेली भीती किंवा संशय तो 'वहम', ज्याचा आपण 'वहीम' केला. आपण ज्या पाच-सहा गोष्टींना मिळून 'कल्पना' म्हणतो त्या इथे वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगलेल्या होत्या.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर काही वर्षांतच शाळांचे माध्यम बदलले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले. स्वतः 'फर्ज करो' म्हणत भूमिती शिकलेल्या शिक्षकांना आता 'समजा' म्हणत ती शिकवायची होती. एका पिढीत शास्त्राची भाषा बदलण्याचे हे ओझे त्यांनी कसे पेलले, याची नोंद फारशी कोणी केलेली नाही. जुन्या शिक्षकांच्या टिपणवह्या कुणाच्या घरी माळ्यावर असतील तर त्या टाकून देऊ नयेत.

नवी परिभाषा संस्कृतातून आली. संकल्पना, गृहीतक, उपपत्ती, अनुमान, प्रतिभा हे सगळे नेटके शब्द आहेत. (नांदेडच्या एका शाळेचे नावच 'प्रतिभा निकेतन' आहे, आणि नरहर कुरुंदकर काही काळ तिथे शिक्षक होते.) अडचण एवढीच की हे शब्द पुस्तकातून खाली आले आणि बोलीतले शब्द शेतातच राहिले. खळ्यावरच्या राशीकडे पाहून 'पंधरा पोती भरतील' म्हणणे हा अजमास किंवा अदमास. वाऱ्यावरून आणि ढगांवरून मृगाचा आडाखा बांधला जातो. कमी माहितीवर केलेली ती अटकळ, तुलनेवर केलेला तो कयास, ज्योतिषातून आलेला तो होरा. आणि हा 'होरा' तर मूळचा ग्रीक शब्द. शेतकऱ्याला या शब्दांतला फरक नेमका कळतो. अटकळ चुकली तर तो हसतो, आडाखा चुकला तर विचारात पडतो. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत मात्र यांतला 'अंदाज' सोडला तर कुणालाच फारसा प्रवेश मिळालेला नाही.

शब्दांच्या या गोंधळाची किंमत किती मोठी असू शकते ते लातूर जिल्ह्याने पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, औसा तालुक्यातल्या किल्लारीजवळ ६.२ प्रतीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत मिळून काही हजार माणसे दगावली. मृतांचा आकडा सुमारे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगितला जातो. जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. नंतर सगळीकडे एकच वाक्य ऐकू येत होते: इथे भूकंप होईल याची कुणाला कल्पना नव्हती.

हे वाक्य शब्दशः तपासण्यासारखे आहे. माहिती नव्हती, असा अर्थ घेतला तर ते अर्धवटच खरे आहे. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारीच्या परिसरात धक्के बसले होते, गावकरी घाबरले होते. पुढे धक्के थांबले आणि विषय मागे पडला. दख्खनचे पठार प्राचीन, कठीण आणि स्थिर आहे, ही भूशास्त्राची एक कल्पना होती, जुळवणी या अर्थाने. फार मोठ्या भूकंपाची नोंद नाही, या आधारावर ती उभी होती. भारताच्या भूकंप-विभागांच्या नकाशात किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. एकदा नकाशावर रंग भरला गेला की कल्पनेची वस्तुस्थिती होते, तिला कुणी 'जुळते का?' असे विचारत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने तो प्रश्न विचारला होता. पण तिथे धरणाच्या जलाशयाचे कारण पुढे आले, आणि पठाराच्या स्थिरतेची कल्पना तशीच राहिली. लाघव म्हणून पाहिले तर ते सयुक्तिकही होते.

किल्लारीनंतर मात्र नव्या कल्पना मांडल्या गेल्या आणि तपासल्याही गेल्या. निम्न तेरणा प्रकल्पाचा जलाशय जवळ असल्याने त्याचा संबंध असेल का, यावर संशोधकांत वाद झाला. भूपृष्ठावर उमटलेल्या भेगांचा माग घेतला गेला, विंधनछिद्रे खणली गेली, बेसॉल्टच्या तीनशे मीटरांहून जाड थराखाली काय आहे ते पाहिले गेले. खंडांच्या 'स्थिर' मानलेल्या अंतर्भागातही जुन्या भ्रंशांवर ताण साठतो आणि शतकानुशतकांच्या अंतराने तो मोकळा होऊ शकतो, हे चित्र जगभरच्या उदाहरणांबरोबर किल्लारीमुळे अधिक स्पष्ट झाले. २००२ च्या सुधारित नकाशात पहिला विभागच रद्द झाला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

१९९३ मध्ये अफवा पुष्कळ होत्या, वहीम पुष्कळ होते. कमी पडली ती दुसऱ्या प्रकारची कल्पना: समजा, स्थिर नसेल तर? हे माळवद किती धक्का सोसेल? फर्ज करा, या गावात पहाटे चारला जमीन हादरली. दार कोणत्या बाजूला उघडते?

शाळेत असे प्रश्न विचारायला नवे तास लागणार नाहीत. मराठीच्या तासाला 'सूर्य उगवला नाही तर' हा कल्पनाप्रधान निबंध वर्षानुवर्षे लिहून घेतला जातो. त्यात पाखरे गप्प होतात, फुले उमलत नाहीत आणि शेवटी लेखकाला जाग येते. तो निबंध एकदा विज्ञानाच्या तासाला घ्यावा. पहिलाच प्रश्न असा: उगवला नाही म्हणजे नेमके काय समजायचे? सूर्य नाहीसा झाला, की पृथ्वी फिरायची थांबली? नाहीसा झाला असेल तर आपल्याला ते सव्वाआठ मिनिटे कळणारच नाही. पृथ्वी थांबली असेल तर नांदेडला रात्र आहे, आणि कुठेतरी सूर्य मावळायलाच तयार नाही. तो देश कोणता, हे पृथ्वीचा गोल हातात घेऊन मुलांनी शोधून काढावे.